पाच ते सात

(बडोदे, कारेलीबाग. सोसायटीतल्या एका बैठ्या घराची पुढची खोली. अकरा बाक, एक फळा, छताला चार पंखे, चारही थांबलेले. पौष महिना, दुपारचे चार वाजायला आले आहेत.)

राजेश्वरी : पुन्हा तेच, काकू. ‘येतात’ नाही. ‘यायची.’

निरुपमा : काय म्हणाले मी?

राजेश्वरी : मी विचारलं, या खोलीत काय आहे. तुम्ही म्हणालात, वर्ग आहे, मुलं पाचला येतात. उद्या ग्राहक आयोगापुढे हे एवढं तोंडून निघालं, की वीज कंपनीच्या वकिलांना उठून उभं राहायचीही गरज नाही.

निरुपमा : सवय गं. चाळीस वर्षांची जीभ आहे.

राजेश्वरी : ती जीभ उद्या अर्धा तास ताब्यात ठेवा, एवढंच मागतेय.

निरुपमा : मौन धरते मग. एकादशीला धरतेच की अर्धा दिवस.

राजेश्वरी : मौन नाही चालणार. तिथे एक सदस्य मॅडम आहेत, त्या वकिलाकडे बघतच नाहीत, थेट पक्षकाराला विचारतात. चला, परत. बेन, तमारा घरमां क्लास चाले छे?

निरुपमा : ...नाही.

राजेश्वरी : इतका वेळ का लागला?

निरुपमा : तू गुजरातीत विचारलंस. त्या दिवशी त्यांनीही असंच विचारलं होतं. अगदी हेच शब्द.

राजेश्वरी : आणि तुम्ही ‘हा, चाले छे’ म्हणालात.

निरुपमा : म्हणाले.

राजेश्वरी : का, काकू? तीन आठवडे तो कागद माझ्यासमोर आहे आणि मला कळत नाही. कंपनीचे चेकिंगवाले दारात, हातात फॉर्म. विचारतात, घरात क्लास चालतो का. सरांना जाऊन तीन वर्षं झालेली. आणि तुम्ही हो म्हणून खाली सही करता.

निरुपमा : मार्गशीर्षातला गुरुवार होता. पावणेसहा वाजलेले. देवापाशी नुकताच दिवा लावला होता, हातात पोथी. दिवेलागणीच्या वेळेला ‘बंद’ कसं म्हणायचं तोंडानं? दिवा विझला म्हणत नाही आपण, शांत झाला म्हणतो. कुंकवाची डबी रिकामी झाली तरी वाढलं म्हणतो. मला वाटलं, सकाळी कोणी परत विचारायला येईल, तेव्हा सांगू.

राजेश्वरी : सकाळी कोणी विचारायला येत नाही.

निरुपमा : शनिवारी सकाळी आले ते शिडी घेऊनच.

राजेश्वरी : माझ्या आजीनंही हेच केलं असतं. पण हे मी आयोगाला कसं सांगू? त्यांच्यापुढे तुमची सही आहे, आणि सहीच्या वर ‘क्लास चालू’.

निरुपमा : एक मला नीट सांग. घर काळोखात आहे. मी तक्रार केली ती दिव्याची. मग तू गेले आठ दिवस सारखं, आयोग ऐकणार की नाही, ऐकणार की नाही, हेच काय म्हणतेस? दिव्याचं कोणी बोलतच नाही.

राजेश्वरी : कारण कंपनीनं दिव्याबद्दल उत्तरच दिलेलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की हे प्रकरण ग्राहक आयोगापुढे चालूच शकत नाही. घरगुती मीटरवर धंदा केला तर तो अनधिकृत वापर. त्याची आकारणी कंपनीचा अधिकारी करतो, त्यावरचं अपील वेगळीकडे, आणि त्यात ग्राहक आयोगाला हात घालता येत नाही. हे ते मनचं बोलत नाहीत. वरच्या कोर्टानं तसं म्हटलेलं आहे.

निरुपमा : मग आपणच चुकलो.

राजेश्वरी : नाही ना. त्यांनी आकारणी केलीच नाही. नोटीस नाही, सुनावणी नाही, हुकूम नाही. गुरुवारी फॉर्म भरला, शनिवारी खांबावरून वायर कापली आणि मीटर घेऊन गेले. घरात राहणाऱ्या बाईचा दिवा असा तोडला, तर ती सेवेतली खोट झाली. ती आयोग ऐकू शकतो. फक्त त्याआधी तुम्ही ग्राहक आहात हे दिसायला हवं. घरासाठी वीज घेणारी बाई ग्राहक. धंद्यासाठी घेणारी नाही. उद्या तेवढ्यावरच बोलणं आहे. तिथे जमलं, तर मग दिव्याचं. नाही जमलं, तर सगळं नव्यानं दुसरीकडे, आणि तोवर उन्हाळा.

निरुपमा : पंख्याशिवाय लोक राहत नाहीत का?

राजेश्वरी : एकाहत्तराव्या वर्षी नाही राहत. पंप बंद, तुम्ही बाहेरच्या नळावरून कळशीनं पाणी आणता. पायरीवर घसरलात तेही मला सांगितलं नाहीत, पण लंगडताय.

निरुपमा : जरासं.

राजेश्वरी : मुलाला, सलीलला तरी सांगितलंत?

निरुपमा : तो रविवारी फोन करतो. मी शनिवारी देवळात जाऊन फोन चार्ज करून आणते, म्हणजे रविवारी वाजतो. त्याला काळोखाचं सांगितलं की म्हणेल, घर विका, हैदराबादला या. त्याच्याकडे दिवे आपोआप लागतात, माहितेय? माणूस हलला की लागतात. मी जपाला बसले की काळोख. परत हात हलवायचा, परत उजेड. एका माळेला चार वेळा हात हलवला मी. गप्प बसलेलं माणूस त्याला दिसतच नाही.

राजेश्वरी : हसवू नका काकू, मला कामाचं विचारायचंय. युनिट. सर होते तेव्हा जेवढे, तेवढेच सर गेल्यावर. कंपनीनं तक्ता जोडलाय. त्यांचं म्हणणं, एकट्या बाईला एवढी वीज कशाला? म्हणजे वर्ग चालू.

निरुपमा : पाच ते सात. सहा ट्यूबलाइट, चार पंखे.

राजेश्वरी : रोज?

निरुपमा : रविवार सोडून. रविवारी ह्यांचा वर्ग नसायचा.

राजेश्वरी : ‘नसायचा.’ बरोबर बोललात.

निरुपमा : शिकतेय हळूहळू.

राजेश्वरी : पण का, काकू? हे मला कोणी उद्या विचारलं तर मी काय सांगू? रिकाम्या खोलीत पंखे कोणासाठी?

निरुपमा : हे जानेवारीत आजारी पडले. अकरा मुलं होती, दहावीची. वर्तुळाचं प्रकरण अर्धं झालेलं. दवाखान्यात जायला रिक्षात बसताना म्हणाले, खोली उघडी ठेव, मुलं दारातून परत जायला नकोत. पहिल्या दिवशी सात आली. मग तीन. मग भक्ती म्हणून एक मुलगी होती, ती चार दिवस एकटीच आली. माझ्यासमोर बसून गणितं सोडवायची आणि बरोबर का म्हणून मलाच विचारायची. मला काय कळतंय. मी आपलं, बरोबर आहे बाळ, म्हणायची. मग तिलाही आईनं दुसऱ्या क्लासला घातलं. रागवायचं कारण नाही, वर्ष दहावीचं.

राजेश्वरी : आणि सर परत आलेच नाहीत.

निरुपमा : तेरावं झालं. सलील हैदराबादला परत गेला. सोमवारी पाच वाजले आणि माझा हात आपोआप बटणावर गेला. उघडी ठेव म्हणाले होते. किती दिवस, ते म्हणाले नव्हते.

राजेश्वरी : तुम्ही दोन तास काय करता इथे?

निरुपमा : फळा पुसते. तारीख लिहिते. मग त्या मागच्या बाकावर बसून वाती वळते. लाख वातींचा संकल्प केला होता. गेल्या वर्षी पुरा झाला, आता दुसरा लाख.

राजेश्वरी : पहिला पुरा झाला तर उद्यापन करायचं ना. म्हणजे सुटला असतात यातून.

निरुपमा : उद्यापनाला जेवायला माणसं लागतात, राजेश्वरी. चहा टाकू? गॅस आहे. गॅसला मीटर नाही.

राजेश्वरी : नको. भास्करराव येतीलच इतक्यात. आमच्या रावपुऱ्यातले नोटरी. तुम्हाला तिथवर जिना चढायला लावण्यापेक्षा त्यांनाच बोलावलंय. ते येईपर्यंत हा फोटो बघा. चेकिंगवाल्यांनी काढलेला. ही तारीख फळ्यावर, ही ओळीनं बाकं, हा खडू.

निरुपमा : आणि ही मी. केवढी वाकलेय.

राजेश्वरी : पावणेसहाचा फोटो आहे. म्हणजे तुमच्या पाच ते सातच्या बरोबर मधला. आणि अकरापैकी एकाही बाकावर कोणी नाही. त्यांच्याच हातानं त्यांनी आपल्याला पुरावा दिलाय. फक्त ते म्हणतील, त्या दिवशी सुटी असेल. म्हणून मला दाखवायचंय की वर्ग कधी संपला. सरांचं हजेरीचं पुस्तक शोधा म्हणाले होते, ते मिळालं?

निरुपमा : नव्हतंच. विसरलीस? दोन वर्षं बसलीस की इथे.

राजेश्वरी : खरंच की. सर हजेरी घ्यायचेच नाहीत. खडू खाली ठेवून नुसतं विचारायचे, कोण नाही? आणि आम्ही ओरडायचो.

निरुपमा : तुझं नाव पुष्कळदा ऐकू यायचं आत स्वयंपाकघरात.

राजेश्वरी : बीजगणिताच्या दिवशी माझं पोट दुखायचं.

निरुपमा : ह्यांना माहीत होतं. म्हणायचे, मोहित्यांची पोरगी भांडायला हुशार आहे, तिला बीजगणित नाही आलं तरी चालेल.

राजेश्वरी : असं म्हणायचे? मला वाटायचं सरांना मी आठवतसुद्धा नसेन. बावीस वर्षं झाली, मी रावपुऱ्यातून इथे फिरकले नाही. तुम्ही पिशवीतून बिलं घेऊन ऑफिसात आलात, तेव्हा कळलं सर गेल्याचं.

निरुपमा : तुझी पाटी दिसली म्हणून चढले. नाव ओळखीचं वाटलं.

राजेश्वरी : पाटीवरून आठवलं. बाहेरची पाटी आज काढून टाका, काकू. ‘द. वि. पोतनीस, गणित, पाच ते सात.’ उद्या ते स्थळपाहणी मागतील.

निरुपमा : पाटी तशीच राहू दे.

राजेश्वरी : काकू—

निरुपमा : तू सांगितलंस ते सगळं करतेय मी. पाटी नको. आणि बिलावरचं नावही बदलायला लावू नकोस. ह्यांच्या नावानं आता तेवढंच एक पत्र येतं घरी. मीटर नेल्यापासून तेही नाही.

राजेश्वरी : बरं. पाटीचं मी बघते. जुनी पाटी ठेवली म्हणून धंदा होत नाही, असं म्हणता येईल. आणखी एक कागद आहे. समोरच्या प्राचीबेननं लिहून दिलाय. शेजारी म्हणून साक्ष.

निरुपमा : प्राचीनं? ती कधी बोललीही नाही माझ्याशी. हसते फक्त, स्कूटरवरून.

राजेश्वरी : मी गेले होते तिच्याकडे परवा. वाचू? ‘मी समोरच्या घरात चार वर्षांपासून राहते. निरुपमाबेन रोज पाच वाजता पुढचं दार उघडतात आणि दिवे लावून बसतात. सात वाजता बंद करतात. त्यांच्याकडे कोणी येत-जात नाही हे मी आणि माझ्या सासूबाई रोज बघतो.’

निरुपमा : रोज बघतात?

राजेश्वरी : त्यांचं स्वयंपाकघर इकडच्या बाजूला आहे.

निरुपमा : मला वाटायचं, कोणाला ठाऊक नाही.

राजेश्वरी : तिनं शेवटी आणखी एक वाक्य लिहिलं होतं. ‘आम्हाला फार वाईट वाटतं.’ ते मी काढलं. पुराव्याच्या दृष्टीनं उपयोग नाही त्याचा.

निरुपमा : चार वर्षांत मला उद्देशून लिहिलेलं तेवढंच एक वाक्य तिचं, आणि तू काढलंस.

राजेश्वरी : ...घालू परत?

निरुपमा : नको. तिला मी तिळगूळ देईन संक्रांतीला.

भास्करराव : आहे का कोणी? वकीलबेन? सोसायटीत पाच जणांना पोतनीस कुठे म्हणून विचारलं, पाचही जणांनी सांगितलं, तो गणितवाला. आत येऊ?

राजेश्वरी : या, भास्करराव. ह्या निरुपमाकाकू.

भास्करराव : नमस्कार, वहिनी. माझं जरा पटापट उरकून द्या, मला करजणला पोचायचंय. भाचीचा साखरपुडा आहे. मामा नसला तर पेढा कोण भरवणार? कुठे बसू? इथे?

निरुपमा : त्या पुढच्या बाकावर नको, भास्करराव. लहान मुलं बसतात तिथे, उंची कमी आहे.

राजेश्वरी : बसायची, काकू. बसायची.

निरुपमा : बसायची. गुडघे अडकतील तुमचे.

भास्करराव : अडकले. राहू द्या आता. कागद कुठे आहे? वाचून दाखवलंत, वकीलबेन?

राजेश्वरी : आता वाचते. काकू, गुजरातीत टाइप केलंय.

निरुपमा : गुजराती येतं मला वाचता. पण तू मराठीतच सांग. कानानं ऐकते एकदा.

राजेश्वरी : ‘मी, निरुपमा दत्तात्रेय पोतनीस, वय एकाहत्तर, शपथेवर सांगते की मी वरील पत्त्यावर एकटी राहते.’

निरुपमा : खरं आहे.

राजेश्वरी : ‘माझे पती या घरात शिकवणी घेत असत. त्यांच्या निधनानंतर वर्ग कायमचा बंद झाला.’

निरुपमा : किती वाजले?

राजेश्वरी : चार पस्तीस.

निरुपमा : चालेल. अजून दिवा लावलेला नाही. पुढे वाच.

राजेश्वरी : ‘त्यांच्या आठवणीखातर मी रोज संध्याकाळी खोली उघडून बसते. त्यात कोणताही धंदा नाही. गेल्या तीन वर्षांत शिकवणीसाठी या घरी कोणीही आलेलं नाही, कोणी येत नाही, आणि कोणी येण्याची शक्यता नाही.’ खाली सही.

भास्करराव : झालं? इथे सही, इथे सही, आणि माझ्या रजिस्टरात इथे. आणि अंगठा.

निरुपमा : थांबा जरा.

भास्करराव : वहिनी, सगळे ऐकून मान हलवतात आणि सही करतात. पस्तीस वर्षांत एकानं थांबा म्हटलेलं नाही.

निरुपमा : तुम्ही विचारता ना, खरं आहे का म्हणून?

भास्करराव : विचारतो की. विचारायलाच ठेवलंय मला सरकारनं.

निरुपमा : मग विचारा.

भास्करराव : वहिनी, तुम्ही जे लिहिलंय ते तुमच्या माहितीप्रमाणे खरं आहे?

निरुपमा : शेवटचं सोडून. ‘येण्याची शक्यता नाही’, हे मी सोगंदावर कसं सांगू? आलेलं नाही, खरं. येत नाही, खरं. पण उद्याचं मला काय ठाऊक? ते ज्याला ठाऊक त्याच्यापुढे रोज हात जोडते मी, आणि त्याच्या वतीनं इथे सही करू?

राजेश्वरी : काकू, तोच भाग महत्त्वाचा आहे. ‘शक्यता नाही’ म्हटलं की विषय संपतो. ते काढलं, तर ते म्हणतील, बाई वाट बघतेय, म्हणजे वर्ग उघडाच आहे.

निरुपमा : वाट बघणं हा धंदा आहे का गं?

राजेश्वरी : नाही. पण मला उद्या ते त्यांना पटवावं लागेल.

निरुपमा : तू भांडायला हुशार आहेस.

राजेश्वरी : हे बघा. समजा मी ते शब्द ठेवले. तुमचं मन दोन दिवस खाईल, पण घरात दिवा येईल. पंप चालेल. हे शब्द काढले आणि आयोगानं दार लावलं, तर मी तुम्हाला काय तोंड दाखवू? तुम्ही पुन्हा कळशी घेऊन त्या पायरीवर.

निरुपमा : तुझं खोटं नाही.

राजेश्वरी : मग?

निरुपमा : खोटं एकदाच बोलले मी, त्या गुरुवारी, चांगलं म्हणून. त्याचं काय झालं बघतेसच.

भास्करराव : वकीलबेन, रेघ मारा त्या शेवटच्या शब्दांवर. बाजूला दोघींच्या आद्याक्षराची सही, वर माझा शिक्का. चालतं ते. खाडाखोड केलेला कागद उलट खरा वाटतो. कोणीतरी वाचलाय असं दिसतं.

राजेश्वरी : ...द्या पेन.

भास्करराव : इथे. हां. वहिनी, आता विचारतो परत. उरलेलं खरं आहे?

निरुपमा : एकदा वाच गं, उरलेलं.

राजेश्वरी : ‘शिकवणीसाठी या घरी कोणीही आलेलं नाही. कोणी येत नाही.’

निरुपमा : खरं आहे.

भास्करराव : इथे. आणि इथे. अंगठा दाबा नीट. झालं.

निरुपमा : तीन वर्षं मला ठाऊकच होतं. कागदावर नव्हतं, एवढंच.

भास्करराव : हात पुसा, वहिनी, शाई आहे. मी निघतो. या बाकातून मला कोणीतरी ओढा. मीही गणितात नापासच होतो, आमच्या मास्तरांच्या बाकात असाच अडकायचो.

निरुपमा : हे घेऊन जा. फुलवाती आहेत, पाचशे. भाचीच्या घरी देवापाशी लावा.

भास्करराव : एवढ्या? तुम्हाला?

निरुपमा : माझ्याकडे पुष्कळ आहेत.

भास्करराव : सुखी राहा, वहिनी. वकीलबेन, सकाळी शिक्क्याची पावती घेऊन जा. आवजो.

राजेश्वरी : आवजो, भास्करराव. ...काकू, बसा जरा तुम्ही. पाणी आणते.

निरुपमा : माठ आत आहे. डाव्या हाताला. दिसतंय का?

राजेश्वरी : दिसतंय. हे घ्या. उद्या साडेदहाला मी रिक्षा पाठवते. चष्मा घ्या, आणि सरांच्या मृत्यूच्या दाखल्याची मूळ प्रत. मॅडमनी विचारलं तर जसं आहे तसं सांगा. तुम्हाला आता पाठ करायची गरज नाही.

निरुपमा : निकाल उद्याच लागेल?

राजेश्वरी : उद्या नाही. ऐकतील, राखून ठेवतील. आठ दिवस, पंधरा दिवस. काकू, हे कागदावर लिहिलं मी. सगळं मीच लिहिलं. ‘कोणीही आलेलं नाही.’ टाइप करताना लक्षात आलं नाही. आता मोठ्यानं वाचलं तेव्हा लक्षात आलं, त्या कोणीहीमध्ये मी आहे.

निरुपमा : तू कामात असायचीस.

राजेश्वरी : रावपुरा इथून पंधरा मिनिटं आहे.

निरुपमा : असू दे. खडूची पेटी दे मला तिकडची. तारीख लिहायची राहिलीय.

राजेश्वरी : लाइट नाही तरी लिहिता?

निरुपमा : समई ठेवते टेबलावर. फळ्याचा वरचा कोपरा दिसतो तेवढ्यात.

राजेश्वरी : पाच मिनिटं आहेत पाचाला. मी थांबते आज. त्या खिडकीच्या बाकावर बसते, माझी जागा होती ती. बीजगणित तसंही राहिलंय.

निरुपमा : नको.

राजेश्वरी : मला ऑफिसात काही नाही आता. खरंच.

निरुपमा : तसं नाही गं. तू त्या बाकावर बसलीस, की कोणीतरी आलं. शाई अजून माझ्या अंगठ्याला आहे.

राजेश्वरी : मी काय शिकवणीला थोडीच बसतेय? तुमच्या सोबतीला. कायद्यानं त्यात काहीच नाही.

निरुपमा : कायदा तुझा. सोगंद माझी आहे. उद्या त्या बाई माझ्याकडे बघून विचारतील, काल संध्याकाळी कोणी होतं का. मी काय सांगू?

राजेश्वरी : कोणी विचारणार नाही काकू असं.

निरुपमा : विचारलं तर.

राजेश्वरी : ...मग कधी येऊ?

निरुपमा : निकाल लागू दे. मग ये. जेवायला ये, उद्यापनच करून टाकू. प्राचीलाही सांगेन.

राजेश्वरी : तोवर रोज एकट्याच बसणार?

निरुपमा : बसतेच की. आता तर लिहूनही दिलंय.

राजेश्वरी : समई तरी लावून देते. तुमचा पाय दुखतोय.

निरुपमा : मी लावते. तू नीघ, पाच वाजतील. पायरीवर जपून उतर, ती एक हलते.

राजेश्वरी : येते, काकू.

निरुपमा : ये. आणि दार नुसतं लोटून घे. कडी लावू नकोस.